गुडघ्यापासून म्यूऑनपर्यंत: संशोधनाच्या बातम्या वाचणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातील पार्क मैदानावर सराव करणारे खेळाडू, त्यांचे पालक व प्रशिक्षक आणि येथील महाविद्यालयांत विज्ञान शिकणारे विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते या पानावर एकत्र केले आहेत. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. स्वतःच्या दुखापतीचा निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

वैद्यकीय चाचण्या, खेळातील दुखापती आणि भौतिकशास्त्रातील अचूक मोजमाप हे तीन विषय एकाच पानावर कसे?

कारण तिन्ही ठिकाणी संशोधकाची पहिली झुंज स्वतःच्याच इच्छेशी असते. शस्त्रक्रिया करणाऱ्याला ती यशस्वी झाल्यासारखी वाटते, खर्च केलेल्या रुग्णाला बरे वाटावेसे वाटते आणि कणांचे मोजमाप करणाऱ्याला आपला आकडा सिद्धांताशी जुळावा किंवा त्याला धक्का देणारा निघावा असे मनातून वाटत असते. यात लबाडी नसते, हा माणसाचा स्वभाव आहे. बोर्डाची उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला विद्यार्थ्याचे नाव कळू दिले जात नाही, त्याच कारणाने चांगल्या चाचणीत आणि चांगल्या प्रयोगात उत्तर काही काळ संशोधकापासूनच झाकून ठेवतात. वैद्यकशास्त्रात याला ब्लाइंडिंग म्हणतात आणि भौतिकशास्त्रज्ञांनीही तोच शब्द घेतला आहे. एखादी बातमी किती मनावर घ्यायची हे ठरवताना, निष्कर्ष किती आकर्षक आहे यापेक्षा तो संशोधकांच्या इच्छेपासून किती जपला गेला होता, हे पाहणे अधिक उपयोगी पडते असे आमचे मत आहे.

अनुभवी डॉक्टरांनी शेकडो रुग्णांना गुण आलेला पाहिला असेल, तर वेगळी चाचणी कशाला हवी?

याचे उत्तर आपण सगळ्यांनी कोरोनाच्या काळात पाहिले. २०२० मध्ये 'अमुक रक्तगटाचा प्लाझ्मा तातडीने हवा आहे' असे निरोप आपल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर फिरत होते. नातेवाईक रात्रीबेरात्री दाते शोधत होते आणि प्लाझ्मा मिळालेले बरेच रुग्ण बरे होऊन घरीही येत होते. मात्र प्लाझ्मा न मिळालेले बरेच रुग्णही बरे होत होते आणि ती तुलना कोणी करत नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर ती तुलना केली. कोणाला प्लाझ्मा द्यायचा आणि कोणाला केवळ नेहमीचे उपचार, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे योगायोगाने ठरवण्यात आले. ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: आजार गंभीर होण्याचे प्रमाण किंवा मृत्यूचे प्रमाण, दोन्हींत प्लाझ्मामुळे फरक पडला नव्हता. मे २०२१ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला.

२०२० मध्येच ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन हे जुने आणि स्वस्त औषध दिवसाला ६ मिलिग्रॅम या प्रमाणात देऊन पाहिले गेले आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे जून २०२० मध्ये जाहीर झाले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती अशा रुग्णांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. ज्या उपचारासाठी धावाधाव झाली तो निरुपयोगी ठरला आणि कोणाच्या गावीही नसलेली गोळी उपयोगी ठरली. केवळ अनुभवावर विसंबून या दोन्ही गोष्टी कळल्या नसत्या.

कबड्डी खेळताना मुलाच्या गुडघ्यातील एसीएल फाटली आहे. शस्त्रक्रिया करावीच लागते का?

आमच्याकडे सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न हाच आहे. चढाई करताना एकदम दिशा बदलली किंवा कोपऱ्यातील खेळाडूने पकड केली, पाय मॅटवर रुतून राहिला आणि अंग मात्र वळले, की आतून 'कट' असा आवाज येतो, काही तासांत गुडघा टम्म सुजतो आणि पुढे एमआरआयच्या अहवालात एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध, पूर्ण फाटल्याचे लिहून येते. पूर्वी अशा तरुणाला शस्त्रक्रिया हाच एक मार्ग आहे असे बहुतेक जण धरून चालत.

स्वीडनमधील कॅनन चाचणीने त्या समजुतीला पहिला मोठा प्रश्न विचारला. त्यात १८ ते ३५ वयाच्या १२१ जणांचे दोन गट केले होते. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटाने आधी पद्धतशीर व्यायाम करायचा आणि गुडघा अस्थिर राहिला तरच पुढे शस्त्रक्रिया करून घ्यायची, असे ठरले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या निकालात दोन्ही गटांच्या दुखण्यात आणि कार्यक्षमतेत फरक आढळला नाही. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा दुसऱ्या गटातील सुमारे निम्म्या लोकांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती, म्हणजे उरलेल्या निम्म्यांना तिची गरज पडली नव्हती.

हे वाचून 'शस्त्रक्रिया नकोच' असे ठरवणाऱ्यांनी पुढचा अभ्यासही वाचावा. ब्रिटनमध्ये ३१६ रुग्णांवर झालेली एसीएल स्नॅप ही चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दुखापत ताजी नसलेले आणि गुडघा अस्थिर राहिलेले रुग्ण घेतले होते. १८ महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटाचे गुडघ्याच्या स्थितीचे गुण (जितके जास्त तितके चांगले) १०० पैकी सरासरी ७३ भरले, तर व्यायामाच्या गटाचे ६४.६. येथे शस्त्रक्रिया उजवी ठरली.

दोन्ही निकाल एकमेकांच्या विरुद्ध नाहीत, कारण प्रश्नच वेगवेगळे होते. ताज्या दुखापतीनंतर काही महिने मनापासून व्यायाम करून पाहायला बहुतेकांना वाव असतो. त्यानंतरही चालताना, जिना उतरताना गुडघा दगा देत असेल, तर आणखी वाट पाहण्याने सहसा काही साधत नाही. गादी, म्हणजे मेनिस्कस, अडकून गुडघा लॉक झाला असेल किंवा एकाहून अधिक अस्थिबंध फाटले असतील, तर गणित पूर्णपणे बदलते आणि तेथे डॉक्टर लवकर शस्त्रक्रिया सुचवतात. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कॅननमध्ये व्यावसायिक खेळाडू नव्हते. त्यामुळे राज्य पातळीवर चढाई करणाऱ्या मुलाला तो निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही.

शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परत कधी जायचे?

नऊ महिन्यांच्या आत नको. नॉर्वेतील १०६ जणांच्या २०१६ च्या अभ्यासात, पुनरागमन जितके महिने लांबवले तितके पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण घटत गेले. नऊ महिन्यांपर्यंत प्रत्येक महिन्याला ते जवळपास निम्मे होत होते आणि त्यापुढे फायदा थांबत होता. हे केवळ निरीक्षण होते, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हती, पण इतका ठळक कल दुर्लक्षिण्यासारखा नाही.

दिनदर्शिकेबरोबर ताकदही मोजावी लागते. त्यासाठी एका पायावरची उडी ही साधी कसोटी वापरतात. जमिनीवर चुन्याची रेघ मारायची, चवडा रेघेमागे ठेवायचा, एका पायावर जमेल तितकी लांब उडी घ्यायची, त्याच पायावर उतरून दोन सेकंद तोल सांभाळायचा आणि रेघेपासून टाचेपर्यंतचे अंतर मोजायचे. तोल गेला की ती उडी बाद. समजा धडधाकट पायावर सरासरी १५० सेंटिमीटर भरले आणि दुखापतीच्या पायावर १२६, तर प्रमाण ८४ टक्के झाले. ९० टक्क्यांची अट सर्वत्र सांगितली जाते, तेव्हा हा खेळाडू अजून तयार नाही.

येथे मोजमापाचा कस लागतो. शिंप्याची कापडी टेप ओढली की लांबते, म्हणून पोलादी टेप वापरावी. दोन्ही पायांना एकच बूट, एकच जमीन आणि मोजणारी व्यक्तीही एकच असावी. यापेक्षा मोठी मेख अशी आहे की, कित्येक महिने खेळ बंद राहिल्याने धडधाकट पायही अशक्त झालेला असतो. १५० हा आकडाच मुळात घसरलेला असेल, तर त्याच्याशी काढलेले प्रमाण फसवे चांगले दिसते. दुखापतीपूर्वीचे, निदान शस्त्रक्रियेपूर्वीचे माप वहीत लिहून ठेवलेले असेल तर त्याच्याशी तुलना करावी. प्रत्येक संघाच्या प्रशिक्षकाने हंगाम सुरू होताना सर्व खेळाडूंच्या उड्या एकदा मोजून ठेवाव्यात, असे आम्ही आग्रहाने सांगतो. त्याला खर्च शून्य आहे.

खोटी शस्त्रक्रिया करून चाचणी घेतात, हे खरे आहे का?

खरे आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील फिडेलिटी चाचणीत ३५ ते ६५ वयाचे १४६ रुग्ण होते. त्यांच्या गुडघ्यातील गादी वयोमानाने झिजून फाटली होती. सर्वांच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहणी झाली. त्यानंतर पाकीट उघडून कळायचे की गादीचा फाटलेला भाग कापायचा की कापल्याचे नुसते नाटक करायचे. नाटकाच्या गटातही शल्यचिकित्सक नेहमीची सर्व हत्यारे मागत, गुडघा हवा तसा वाकवत, पाते नसलेले यंत्र वाटीच्या बाहेरून दाबून सुरू करत आणि रुग्णाला तितकाच वेळ शस्त्रक्रियागृहात ठेवत. एका वर्षानंतर दोन्ही गटांच्या दुखण्यात आणि कार्यक्षमतेत फरक निघाला नाही. पाच वर्षांनीही निघाला नाही.

रुग्णाची फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. असे घडू शकते याची पूर्ण कल्पना त्यांना आधी दिलेली होती आणि ती मान्य करूनच ते सहभागी झाले होते. या निकालाचा अर्थ 'दूरबिणीची शस्त्रक्रिया बिनकामाची' असा घेऊ नये. खेळताना एकदम फाटलेली, गुडघा अडकवणारी गादी या चाचणीत नव्हतीच. चाळिशी-पन्नाशीतल्या, हळूहळू सुरू झालेल्या दुखण्याला मात्र हा निकाल थेट लागू पडतो. अशा वेळी घाईने शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम काही महिने करून पाहिला तर बिघडत काही नाही.

पीआरपी इंजेक्शनाने गुडघ्यातील कूर्चा पुन्हा तयार होते का?

तसा भरवशाचा पुरावा नाही. ऑस्ट्रेलियात ५० वर्षांवरील २८८ रुग्णांवर झालेल्या रिस्टोअर चाचणीत एका गटाला स्वतःच्या रक्तापासून केलेले पीआरपी आणि दुसऱ्याला साधे मिठाचे निर्जंतुक पाणी अशी तीन-तीन इंजेक्शने देण्यात आली. आपल्याला काय मिळाले हे रुग्णांना कळू दिले नाही. २०२१ च्या निकालानुसार वर्षभरानंतर दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले होते, पण त्यांत लक्षणीय फरक नव्हता आणि एमआरआयवर कूर्चेची झीजही सारखीच होती. मिठाच्या पाण्यानेही दुखणे कमी होते, ही या निकालातील खरी ध्यानात ठेवण्याजोगी बाब आहे. 'मला पीआरपीने फरक पडला' असे सांगणारा शेजारी खोटे बोलत नसतो. फरक त्याला पडलेला असतोच, तो पीआरपीमुळेच पडला हे त्यातून सिद्ध होत नाही. धावपटूंच्या मांडीमागच्या स्नायूला लचक भरते, त्या दुखापतीवरही ८० खेळाडूंच्या डच चाचणीत (२०१४) पीआरपीचा लाभ दिसला नव्हता. पोस्टरवरील 'नैसर्गिक' आणि 'अत्याधुनिक' हे शब्द पुराव्याच्या जागी धरू नयेत.

पाय मुरगळला की एक्स-रे काढावाच का? बर्फ लावायचा की शेक द्यायचा?

कॅनडात १९९२ साली मांडलेले ओटावा नियम आजही उपयोगी आहेत. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर किंवा टोकाशी, करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावरील उंचवट्यावर किंवा पावलाच्या आतल्या बाजूच्या नौकाकृती हाडावर बोटाने दाबल्यावर दुखत असेल, अथवा मार लागल्यावर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. यांपैकी काहीच नसेल तर हाड मोडलेले असण्याची शक्यता फार कमी असते.

बर्फाने पहिल्या एक-दोन दिवसांत ठणका कमी होतो, जखम लवकर भरते असे मात्र दिसलेले नाही. पहिल्याच दिवशी जोरात चोळणे टाळावे. आठवडाभर पाय उशीवर ठेवून पडून राहण्यापेक्षा, सोसेल तितके लवकर चालू लागणे बरे.

डोक्याला मार लागला पण शुद्ध हरपली नाही, तर पुढचा डाव खेळू द्यावा का?

नाही. शुद्ध न हरपताही मेंदूला हादरा बसतो. २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार अशा खेळाडूला त्या दिवशी पुन्हा उतरवू नये. २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, मोबाइलचा वापर कमी आणि नंतर हलक्या चालण्यापासून पायरीपायरीने सुरुवात, असा क्रम असावा. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवण्याचा जुना सल्ला आता कोणी देत नाही. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, गुंगी किंवा हातापायांत अशक्तपणा दिसला तर घरी न नेता थेट रुग्णालयात न्यावे.

सोलापूरच्या उन्हात सराव करताना कोसळलेल्या खेळाडूचा ताप कपाळावर मोजला तर चालेल का?

चालणार नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. श्रमाने आलेल्या उष्माघातात शरीराच्या आतले तापमान ४० अंशांवर गेलेले असते आणि घामाने ओल्या झालेल्या कपाळावरचे किंवा काखेतले माप त्याहून बरेच कमी दाखवू शकते. अशा वेळी विश्वासार्ह माप गुदद्वारातील असते, आणि ते मैदानावर घेणे बहुतेकांना शक्य नसते. म्हणून खेळाडू असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर थर्मामीटरच्या आकड्यावर विसंबून थांबू नये. आधी थंड पाण्यात बसवावे, टब नसेल तर बादल्यांनी सतत पाणी ओतत वारा घालावा, आणि रुग्णवाहिका बोलावलेली असली तरी ती येईपर्यंत हे थांबवू नये.

दुखापत टाळण्याचा खात्रीचा व्यायाम कोणता?

खात्रीचा कोणताच नाही. मांडीमागच्या स्नायूंसाठी मात्र नॉर्डिक व्यायामाचा पुरावा चांगला आहे. गुडघ्यांवर बसायचे, जोडीदाराने घोटे धरायचे आणि पाठ सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचे. हजारो खेळाडूंचे अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार यामुळे त्या स्नायूच्या दुखापती सुमारे निम्म्या होतात. अट एकच: हंगामभर नियमित करावा लागतो, आणि बहुतेक संघ नेमके येथेच ढेपाळतात.

भौतिकशास्त्रज्ञ कणांना तर फसवू शकत नाहीत. मग ते आकडा कोणापासून झाकतात?

स्वतःपासून. अमेरिकेतील फर्मीलॅबमध्ये झालेला म्यूऑनचा प्रयोग हे याचे उत्तम उदाहरण आहे. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद. चुंबकीय क्षेत्रात तो भोवऱ्यासारखा डुलतो आणि त्या डुलण्याचा वेग अतिशय बारकाईने मोजला तर आपल्याला ठाऊक नसलेले कण निसर्गात आहेत का, याचा सुगावा लागू शकतो. डुलणे मोजायला घड्याळ लागते. या प्रयोगात घड्याळाचा वेग मुद्दाम किंचित बदलून ठेवला होता आणि नेमका किती बदलला आहे हे प्रयोगाबाहेरच्या दोन व्यक्तींखेरीज कोणालाच माहीत नव्हते. शास्त्रज्ञांनी कित्येक महिने विश्लेषण केले, एकमेकांच्या चुका काढल्या, आणि आता काहीही बदलायचे नाही यावर सर्वांचे एकमत झाल्यानंतरच पाकीट फोडून तो आकडा समीकरणात घातला.

एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झालेला निकाल त्या वेळच्या सैद्धांतिक आकड्यापासून ४.२ सिग्मा (योगायोगाची ही मोजपट्टी पुढे समजावली आहे) दूर होता आणि जगभर 'नवे भौतिकशास्त्र' अशा मथळ्यांचा पाऊस पडला. ३ जून २०२५ रोजी अंतिम निकाल आला. त्याची अचूकता १२७ भाग प्रति अब्ज इतकी होती आणि मापन आधीच्या मापनांशी नीट जुळले. बदलला तो सिद्धांताचा आकडा. महासंगणकांवर केलेल्या नव्या गणितांमुळे तो मापनाच्या जवळ सरकला आणि दोन्हींमधील तफावत उरली नाही. खळबळ विरली याची अनेकांना हळहळ वाटली. आमच्या मते मात्र हे मापन किती भक्कम होते, ते यातूनच दिसले. शास्त्रज्ञांनी मथळ्यांच्या मोहात आकडा थोडासाही ओढला असता, तर तो आज उघडा पडला असता.

गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगोची गोष्ट तर याहून गमतीची आहे. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांच्या यंत्रांत एक स्पष्ट संकेत उमटला. शास्त्रज्ञांनी सहा महिने खपून शोधनिबंध तयार केला आणि मार्च २०११ मध्ये पाकीट उघडले, तेव्हा तो संकेत त्यांच्याच काही मोजक्या सहकाऱ्यांनी परीक्षा म्हणून गुपचूप घातलेला निघाला. शोध लागला नाही, पण शोध लागला तर तो ओळखता येईल हे कळले. म्हणूनच १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरा संकेत आला तेव्हा पहिला प्रश्न 'हा कोणी घातलेला तर नाही ना?' असाच होता. त्याच साखळीतील भारतीय वेधशाळा आपल्या शेजारी मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा परिसरात उभी राहत आहे आणि तिच्या बांधकामाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी तिकडे लक्ष ठेवावे.

या प्रयोगांचा आणि दवाखान्याचा काही प्रत्यक्ष संबंध आहे का?

आहे, आणि तो अनेकांना चकित करतो. म्यूऑनच्या प्रयोगातील चुंबकीय क्षेत्र १.४५ टेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) होते. सोलापुरातही ज्यावर गुडघ्याचा एमआरआय निघतो, त्या प्रकारची नेहमीची यंत्रे १.५ टेस्लाची असतात. क्षेत्र सर्वत्र सारखे आहे ना, हे तपासण्यासाठी प्रयोगात शेकडो लहान नळ्या बसवलेल्या होत्या आणि त्यांत आपण ओठांना लावतो तसली पेट्रोलियम जेली भरलेली होती. जेलीतील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारा संकेत मोजून क्षेत्राची ताकद काढत. एमआरआय यंत्र आपल्या शरीरातील पाणी आणि चरबी यांतील हायड्रोजनकडून तसाच संकेत घेऊन चित्र तयार करते. तत्त्व एकच आहे.

'पाच सिग्मा' आणि 'पी ०.०५ पेक्षा कमी' म्हणजे नेमके काय?

दोन्ही योगायोगाच्या मोजपट्ट्या आहेत. खरोखर काहीच फरक नसताना, दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, हे त्या सांगतात. वैद्यकीय संशोधनात ही शक्यता २० मध्ये १ पेक्षा कमी असली की निकाल लक्षणीय धरतात. कणभौतिकीत शोध जाहीर करण्यासाठी पाच सिग्मा लागतात, म्हणजे सुमारे ३५ लाखांत १. डॉक्टर ढिले आणि भौतिकशास्त्रज्ञ कडक, असा याचा अर्थ नाही. म्यूऑन अब्जावधींनी मिळतात, पण एसीएल फाटलेले आणि चिठ्ठीवर उपचार घ्यायला तयार असलेले तीनशे रुग्ण मिळवायलाच वर्षे जातात.

२० मध्ये १ या पट्टीचा धोका मात्र ओळखून असावे. वीस वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या तर एखादी नुसत्या नशिबाने 'लक्षणीय' निघण्याची दाट शक्यता असते, आणि बातमी तिचीच होते. म्हणून मुख्य मोजमाप कोणते असेल, हे चाचणी सुरू होण्यापूर्वीच नोंदवून ठेवावे लागते. शिवाय लक्षणीय फरक रुग्णाला जाणवेल इतका मोठा असेलच असे नाही. एसीएल स्नॅपमधील फरक हिशेबाअंती १०० पैकी ७.९ गुणांचा भरला आणि रुग्णाला जाणवणारा किमान फरक सुमारे ८ गुणांचा मानतात. म्हणजे शस्त्रक्रिया उजवी ठरली खरी, पण सरासरी काठावर.

इतकी महागडी यंत्रे असूनही चूक कशी होते?

योगायोगाने होणारी चूक अधिक मोजमापे घेऊन कमी करता येते. यंत्रातच दडलेली चूक तशी जात नाही. २०११ मध्ये इटलीतील ऑपेरा प्रयोगाने जाहीर केले की, जिनिव्हाजवळून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण ७३० किलोमीटर अंतर प्रकाशापेक्षा सुमारे ६० अब्जांश सेकंद लवकर कापतात. पाच सिग्मांची अट सहज पूर्ण झाली होती. काही महिन्यांनी एक ऑप्टिकल फायबरची केबल नीट घट्ट बसलेली नसल्याचे आढळले आणि २०१२ मध्ये ती 'आघाडी' नाहीशी झाली. त्याच भूमिगत प्रयोगशाळेतील दुसऱ्या प्रयोगानेही न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाइतकाच असल्याचे दाखवले.

गुरुत्वाकर्षणाच्या स्थिरांकाचे कोडे तर अजून सुटलेले नाही. कॅव्हेंडिश यांच्या १७९८ च्या प्रयोगाला दोन शतके उलटून गेली, तरी नामांकित प्रयोगशाळांची मापे, प्रत्येकीने स्वतः सांगितलेल्या अनिश्चिततेच्या बाहेर जाऊन, एकमेकांशी फटकून वागतात.

एका फिजिओकडे गुडघा १२० अंश वाकला आणि दुसऱ्याकडे १२५. कोण चुकले?

बहुधा कोणीच नाही. हाताने धरायच्या कोनमापकाने घेतलेल्या मापात पाच अंशांपर्यंतची तफावत अपेक्षितच असते. त्यामुळे एका आठवड्यात तीन अंशांची 'सुधारणा' दिसली म्हणून हुरळून जाऊ नये आणि तीन अंश घटले म्हणून खचूही नये. दर वेळी त्याच व्यक्तीने, त्याच स्थितीत, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी माप घ्यावे आणि महिन्याभराचा कल पाहावा.

आमच्या भागात एखादी चाचणी सुरू आहे का, हे कसे कळेल आणि तिच्यात सहभागी व्हावे का?

भारतात १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंदणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या सार्वजनिक नोंदवहीत करणे बंधनकारक आहे. ती कोणालाही ऑनलाइन विनामूल्य पाहता येते. आजाराचे नाव घालून शोधल्यास चाचणी कोणत्या शहरात सुरू आहे, मुख्य मोजमाप कोणते ठरले आहे आणि जबाबदार संशोधक कोण, हे समोर येते. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे शहर असलेल्या सोलापुरातील वाचकांनी ती नोंदवही एकदा उघडून पाहण्यासारखी आहे. सहभागी व्हावे की नाही, हे आजार आणि उपलब्ध पर्याय पाहून ज्याचे त्याने ठरवायचे आहे.

नैतिकता समितीची मंजुरी असल्याची खात्री करावी. संमतिपत्रक आपल्याला समजणाऱ्या भाषेत हवे. आपल्या शहरात कित्येक घरांची बोली तेलुगू किंवा कन्नड आहे, त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांना केवळ मराठी किंवा इंग्रजी कागद पुढे करून सही घेतली जात असेल तर थांबवावे आणि त्यांच्या भाषेतले पत्रक मागावे. सहभाग कोणत्याही टप्प्यावर सोडता येतो आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचारांची आणि भरपाईची तरतूद आहे. ती कोण व कशी देणार, हे पत्रकात लिहिलेले आहे ना ते वाचून पाहावे. सही केलेल्या पत्रकाची एक प्रत सहभागी व्यक्तीला देणे संशोधकांवर बंधनकारक आहे, ती घेतल्याशिवाय घरी येऊ नये.